मारबतीच्या आठवड्यात ऑफिसचा बडग्या

ऑफिसातला ताण हलका करायला एकांनी सुचवलंय की मॅनेजरने दर सोमवारची मीटिंग एखाद्या विनोदाने सुरू करावी. मला नाही पटत. साहेबांच्या विनोदाला हसावंच लागतं, आणि त्या हसण्याचा ताणच येतो. त्यापेक्षा टीमला हसायची मोकळीक द्यावी.

आपल्या नागपुरात याचा नमुना तयार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा १८८१ ची, पिवळीची १८८५ ची. सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषाच्या रूपातले पुतळे, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्याची टर उडवतात, लोक 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतात. रागही निघतो, हसूही येतं.

त्याच आठवड्यात आम्ही बुटीबोरीच्या आमच्या ऑफिसात पुठ्ठ्याचा बडग्या करतो. वर्षभर छळणाऱ्या गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहून त्याला चिकटवायच्या: अडकणारा प्रिंटर, प्रत्येक ईमेलवरचं 'अर्जंट', संध्याकाळी सहाची मीटिंग. कोणाचं नाव, रूप, जात, बोली मात्र नाही. याबाबत मी फार कडक आहे, कारण टिंगल सुरू झाली की नवे पोट्टे-पोट्टी सगळ्यात आधी गप्प होतात. माझ्या सवयींवर लिहायला पूर्ण मुभा. ज्याला नको त्याला ओढायचं नाही, आणि महिनाअखेरीला तर हे काढायचंच नाही.

नंतर मी सगळ्या चिठ्ठ्या वाचतो. सहाच्या मीटिंगचा त्रास तिथेच कळला, तक्रारपेटीत कोणी टाकला नव्हता. आता ती चारला होते.