दुधी-दोडक्याचा वेल माजलाय, फुलंही भरपूर, पण फळ धरत नाही

बाल्कनीतलं_आळं (प्रश्न)

ठाणे, नववा मजला, पूर्वेची बाल्कनी. ऊन सकाळी साडेसहा ते साधारण अकरा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिया टोचल्या: दुधी १, दोडका १, कारली २. तीन कुंड्या, प्रत्येकी २० लिटरच्या. कारल्याचे दोन्ही वेल एकाच कुंडीत आहेत. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समभाग. दर आठवड्याला मूठभर गांडूळखत आणि पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया. वेल कबुतरांच्या जाळीवर चढवलेत.

ऑगस्ट संपत आला तरी परिस्थिती अशी:

दुधी – पानं ताटाएवढी. मादी फुलं आठ-दहा आली. खालचा दुधी बोटाएवढा होतो, टोकाकडून पिवळा पडतो आणि चार दिवसांत गळतो. सकाळी सात वाजता रंगाच्या ब्रशने पराग लावून पाहिले, उपयोग शून्य.

दोडका – नुसते नर फुलांचे झुपके. मादी फूल आजवर एकच.

कारली – फळ धरतं, पण बोटभर झालं की वाकडं होऊन अवेळी पिवळं पडतं. एक चिरलं तर आत अळ्या. फळमाशीचा सापळा टांगलाय (दुकानात आंब्याच्या बागेसाठीचा होता), महिन्याभरात जेमतेम चार माश्या.

तिन्हींचं दुखणं एकच आहे की वेगवेगळं? आणि आता काही वाचवता येईल का?

---

मांडवाखाली

तिन्हींचं वेगवेगळं आहे. दुधीचं आधी सांगतो, कारण ते आज संध्याकाळीच सुधारता येईल.

तुमची वेळ चुकतेय. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण पाच ते सातच्या दरम्यान. रात्री पतंग येतात, त्यांच्यासाठीच ते पांढरं. सकाळी सातला तुम्ही ब्रश घेऊन जाता तोवर नर फूल लुळं पडलेलं असतं आणि परागात जीव उरलेला नसतो. कुंडीतल्या वेलवर्गीयांची वेळ साधारण अशी धरा:

संध्याकाळी: दुधी, दोडका, पडवळ.
पहाटे ते सकाळी आठच्या आत: कारलं, घोसाळं, काकडी, तांबडा भोपळा. भोपळा सर्वांत लवकर, उजाडायच्या आधीच उमलायला लागतो आणि ऊन चढलं की मिटतो.

दोडका आणि घोसाळं दिसायला भावंडं, फुलं दोघांचीही पिवळी, पण एक संध्याकाळचं आणि दुसरं सकाळचं. इथे पुष्कळ जण फसतात.

ब्रश नको. निम्मे पराग केसांतच अडकतात. त्यापेक्षा:

१. नुकतं उमललेलं नर फूल देठासकट खुडा. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ, खाली काही नाही. मादी फुलाच्या खाली लव असलेला चिमुकला दुधी असतो.
२. नर फुलाच्या पाकळ्या काढून टाका. मधला परागकोश बोटाला टेकवून बघा, बारीक भुकटी लागली तरच फूल कामाचं. लागली नाही तर दहा-पंधरा मिनिटं थांबा.
३. मादी फुलाच्या मध्यभागी कुक्षीचे तीन जाडसर भाग दिसतील. तिन्हींवर परागकोश हलक्या हाताने फिरवा. एकाच भागाला पराग लागले तर फळ एका बाजूला निमुळतं, वाकडं होतं.
४. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. नर भरपूर असतील तर एका मादीला दोन वापरा.
५. त्या फुलावर रात्री पाऊस लागू देऊ नका. कागदी पिशवी सैल अडकवली तरी चालते, सकाळी काढायची.

साधलं असेल तर दोन-तीन दिवसांत देठ खाली झुकतो आणि फळ फुगायला लागतं. नसेल तर ते टोकाकडून पिवळं पडतं, म्हणजे तुम्ही वर्णन केलंत तेच. हा रोग नाही, औषध मारू नका.

पावसाळ्यातली एक युक्ती: संध्याकाळी उमलणार अशी नर कळी (फुगीर, टोक पांढरं दिसू लागलेलं) दुपारी चार वाजता खुडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा. ती तिथेच उमलते आणि पराग कोरडे मिळतात. बाहेर भिजलेले पराग फुटून जातात, त्यांचा उपयोग नसतो.

जाळीचं विचारलं नाहीत, पण कबुतरांची जाळी अडथळा नाही, मधमाशी आणि पतंग तिच्यातून आरामात येतात. मच्छरदाणीची जाळी असेल तर मात्र कोणीच येत नाही. खरी अडचण नवव्या मजल्याची. इतक्या वर मधमाशा कमीच फिरकतात, त्यामुळे हाताने करण्याला पर्याय नाही.

---

शेंडेखुड्या

वरच्या सांगण्याला पूर्ण सहमती. फक्त युरिया आजपासून बंद. पंधरा दिवसांनी चमचाभर, वर दर आठवड्याला गांडूळखत, मग वेल माजणारच. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं वाढतात आणि नर फुलं वाढतात. दोडक्याच्या झुपक्यांचं मुख्य कारण हेच. दुसरं कारण ऊन: साडेचार तास या वेलांना कमी पडतात, सहा तरी हवेत. ऊन वाढवता येणार नाही, तेव्हा वेलाचा शेंडा बाल्कनीच्या सर्वांत उजेडाच्या कोपऱ्याकडे वळवा आणि खालची पिवळी, सावलीतली पानं काढा. हिरवी पानं ओरबाडू नका, फळाला अन्न तीच देतात.

खताचं: पुढचे पंधरा दिवस काहीच नाही. नंतर ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद ५२, पालाश ३४) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा, कुंडीमागे एक लिटर द्रावण. माती वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही) असताना द्या, कोरड्या ठणठणीत मातीत नाही. सेंद्रियच हवं असेल तर हाडांचा चुरा दोन चमचे आणि लाकडाची राख एक चमचा, पण राख महिन्यातून एकदाच, तिने माती अल्कधर्मी होते.

आता शेंडा. दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नर फुलं येतात, मादी फुलं बगलफुटव्यांवर, तीही पहिल्या-दुसऱ्या पेरालाच. म्हणून मुख्य वेल पाच-सहा फूट झाला की शेंडा खुडायचा. तुमचा वेल एव्हाना जाळीच्या वरपर्यंत गेला असेल. तरीही खुडा, आठवड्या-दीड आठवड्यात फुटवे येतील. फुटव्यावर फळ धरलं की त्याच्या पुढे दोन पानं ठेवून फुटव्याचाही शेंडा मारा. व्हिडिओंमध्ये ज्याला थ्री-जी कटिंग म्हणतात ते हेच, एक पायरी पुढे नेलेलं. २० लिटरच्या कुंडीत तिसऱ्या पिढीचे फुटवे पोसायला मातीच नसते, दुसऱ्यावर थांबा.

याच कारणाने २० लिटरच्या कुंडीत दुधीची दोन फळं वाढत असतील तर तिसरं, चौथं पराग मिळूनही गळेल. ती वेलाने स्वतः केलेली विरळणी आहे. पहिला दुधी कोवळा असतानाच तोडा, बारा ते पंधरा दिवसांचा. नख सहज रुतलं पाहिजे. मोठा होऊ दे म्हणून ठेवलात तर मागची सगळी मादी फुलं अडतात.

पुढच्या वेळी दुधीला ४० लिटर, दोडका-कारल्याला प्रत्येकी २५ लिटर. एका कुंडीत दोन कारली नकोत.

---

रविवारचा_माळी

दुधीवर आंबट ताक आणि गुळाचं पाणी फवारा. गुळाने मधमाशा येतात, ताकाने फुलं टिकतात. स्वस्त आणि घरचं.

---

मांडवाखाली

@रविवारचा_माळी, ताक भुरीवर थोडंफार चालतं: एक भाग ताक, नऊ भाग पाणी, पानांवर पांढरी पूड दिसू लागताच आणि कोरड्या उन्हाच्या दिवशी. फळधारणेशी त्याचा संबंध नाही. गुळाच्या पाण्याने मात्र नुकसान होतं. मुंग्या येतात, मुंग्या मावा सांभाळतात आणि चिकट पानावर काळी बुरशी धरते. शिवाय दुधी उमलतो तेव्हा मधमाशा घरी गेलेल्या असतात, गूळ कोणासाठी?

मधमाशा हव्याच असतील तर त्या सकाळच्या पिकांसाठी. कुंड्यांच्या मध्ये तुळस फुलू द्या, मंजिऱ्या खुडू नका. एखादं बडीशेपेचं रोप फुलावर ठेवा.

---

काटेरी_कारलं

कारल्याकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते.

तुमचा सापळा बरोबर चालतोय, पण तो वेगळ्याच माशीचा आहे. आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं, ते आंबा-पेरूवरच्या फळमाशीच्या नरांना ओढतं. कारली, दोडका, काकडीवरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर हे दुसरं गंधद्रव्य लागतं. कृषी सेवा केंद्रात "वेलवर्गीय फळमाशीचा ल्यूर" असं स्पष्ट मागा, नुसतं फळमाशी म्हटलं की आंब्याचाच हातात येतो. ल्यूरची वडी साधारण ४५ ते ६० दिवस चालते. सापळा वेलाच्या उंचीवर, सावलीत टांगा.

तरीही सापळ्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही सापळे फक्त नर पकडतात. शेतभर लावले की नर संपून मिलन कमी होतं. एका बाल्कनीत मिलन झालेली मादी शेजारच्या झाडावरून उडत येते आणि टोचून जाते. घरी खरा उपाय पिशवीचा.

जुन्या सुती ओढणीच्या किंवा मलमलच्या पिशव्या शिवा, कारल्यासाठी ४ बाय १० इंच, वर नाडी. परागीकरणाच्या दुसऱ्या दिवशीच, फूल सुकायला लागताच घाला. माशी अगदी कोवळं फळ टोचते, चार दिवसांनी घातलेली पिशवी अळ्यांचंच संरक्षण करते. नाडी देठावर सैल हवी, देठ आवळला की फळ गळतं. कागदी पिशवी पावसाळ्यात लगदा होते आणि प्लास्टिकच्या आत वाफ धरून फळ सडतं, त्यामुळे कापडच बरं.

टोचलेलं फळ ओळखायची खूण: सालीवर टाचणीएवढा ठिपका आणि त्यावर डिंकासारखा थेंब. असं फळ लगेच काढा. गळालेली फळं खतकुंडीत टाकू नका, अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन येतात. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर उन्हात ठेवून मग कचऱ्यात. कुंडीची वरची दोन इंच माती दर आठवड्याला उकरा म्हणजे कोष उघडे पडतात.

---

जर्सीचा_दुधी

न्यू जर्सीहून, अंगणात लावणाऱ्यांसाठी. इथे जून-जुलैत दिवस लांब असतो, म्हणून दुधी नर फुलंच देतो. मादी फुलं ऑगस्टात दिवस आखूड झाल्यावर वाढतात आणि ऑक्टोबरात थंडीने वेल जातो. मधे मिळतात जेमतेम आठ आठवडे. त्यामुळे बी एप्रिलच्या मध्याला घरात (बियांची टोकाची कड नखकात्रीने किंचित कापून, रात्रभर भिजवून), रोप मेच्या शेवटी बाहेर आणि शेंडा जूनमध्येच खुडणं, या तिन्हींना पर्याय नाही. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली असताना रोप बाहेर काढलं तर ते महिनाभर तसंच बसून राहतं.

---

बाल्कनीतलं_आळं

सगळ्यांचे आभार. युरिया बंद, शेंडा खुडला, काल संध्याकाळी सहाला दोन मादी फुलं साधली. अजून दोन शंका. पहिली, शेजारी म्हणतात की दुधीशेजारी कारलं लावलं तर दुधी कडू होतो. दुसरी, उंच मजल्यावर परागीकरणाची कटकट नसलेलं काही आहे का?

---

शेंडेखुड्या

दुसरीचं आधी: पॉलीहाऊससाठीच्या काकडीच्या जाती परागाशिवाय फळ धरतात. पाकिटावर "पार्थेनोकार्पिक" लिहिलेलं बघून घ्या. बी महाग पडतं, पण नवव्या मजल्यावर तेच परवडतं. या काकडीला हाताने पराग लावू नका, उलट बिया धरून फळ बेढब फुगतं. करटुलीच्या मोहात पडू नका. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, दोन्ही लावल्याशिवाय एक फळ मिळत नाही.

जादा नर फुलं फेकू नका. भोपळ्याच्या फुलांची भजी होतेच. फक्त पुढच्या दिवसासाठी दोन-तीन कळ्या वेलावर राहू द्या.

---

काटेरी_कारलं

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही. दुधी आणि कारलं यांचा संकर होत नाही. आणि कुठलाही संकर झाला तरी त्याचा परिणाम बियांत उतरतो, या हंगामाच्या फळाच्या गरात नाही. दुधी कडू होतो तो मुख्यतः बियाण्यामुळे. संकरित दुधीचं घरी धरलेलं बी किंवा कुठूनतरी आलेलं बी असेल तर शक्यता जास्त. कडक ऊन आणि पाण्याचा ताण भर घालतात. सरळ (संकरित नसलेल्या) जातीचं बी घ्या: दुधीत सम्राट, कारल्यात फुले ग्रीन गोल्ड किंवा कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता. यांचं बी धरायचं तर मादी कळी आदल्या दिवशीच दोऱ्याने बांधा, त्याच जातीच्या बांधलेल्या नर फुलाने पराग लावा आणि पुन्हा बांधा.

आणि हे नक्की पाळा: प्रत्येक दुधी चिरल्यावर देठाकडचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंकून पूर्ण फळ फेकून द्या. कडवटपणा देणारे कुकुरबिटासिन शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत, त्यानंतर आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) असा रस पिऊ नये असा इशारा दिला. चुकून पोटात गेला आणि मळमळ किंवा पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

---

मांडवाखाली

@बाल्कनीतलं_आळं, साधलेल्या दोन फुलांच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून तारीख लिहा. चौथ्या दिवशी देठ झुकला आहे की फळ पिवळं पडलं ते इथे सांगा. आणि दोडक्यावर लक्ष ठेवा: मादी फूल झुपक्याच्याच पेरातून एकटं येतं, कळी अवस्थेत सहज नजरेतून सुटतं. एकच आलं म्हणता, कदाचित बाकीची न पाहताच गळून गेली असतील.