गाया असताना ऑप्टिकल (दृश्य प्रकाशाच्या) इंटरफेरोमेट्रीवर खर्च कशाला? (चर्चा)

ध्रुवमत्स्य
काल इथं एकाने लिहिलं, "युरोपच्या गाया उपग्रहाने जवळपास 180 कोटी ताऱ्यांच्या जागा मोजून दिल्या, आता चिलीच्या डोंगरावर चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून मोजत बसणं, म्हणजे इंटरफेरोमेट्री, ही पैशाची नासाडी." डोकंच फिरलं वाचून. अहो, आकाशगंगेच्या केंद्राकडे गायाला दिसतं काय? मधल्या धुळीत दृश्य प्रकाश अडकतो. चिलीतल्या पारानालला 8.2 मीटरच्या चारही दुर्बिणींचा इन्फ्रारेड प्रकाश ग्रॅव्हिटी हे उपकरण एकत्र करतं, मे 2018 मध्ये एस2 हा तारा केंद्रातल्या कृष्णविवराजवळून गेला तेव्हा त्याची जागा त्यावरच मोजली आणि कक्षा आइन्स्टाइनच्या गणिताप्रमाणे सरकते हे 2020 मध्ये दाखवलं. ही नासाडी?

हिशोबी
ते वाक्य माझं आहे आणि मी मागे घेत नाही. एस2 म्हणजे एक तारा. इन्फ्रारेडला ऑप्टिकल म्हणायचं का हा वेगळाच प्रश्न. शिवाय ग्रॅव्हिटी आकाशाच्या चिमुकल्या तुकड्यातलं आपसातलं अंतर मोजतं. अख्ख्या आकाशासाठी नासाचं सिम होतं, अंतराळातल्या इंटरफेरोमीटरची योजना, ती 2010 मध्ये गुंडाळली. हिप्पार्कस हा आधीचा उपग्रह आणि गाया यांनी तेच काम साध्या दुर्बिणींनी केलं.

ध्रुवमत्स्य
साध्या? गायाच्या दोन दुर्बिणींमधला 106.5 अंशांचा कोन हलतो का हे बघायला आत लेसर इंटरफेरोमीटरच बसवला होता! हबलचे गाइडन्स सेन्सरसुद्धा इंटरफेरोमीटरच, त्यांनी सेफीड या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स (पृथ्वी फिरताना ताऱ्याची दिसणारी सरक, तिच्यावरून अंतर निघतं) मोजले. आणि सिमच्या तंत्राच्या चाचण्या पास झाल्या होत्या, कमी पडले ते पैसे.

खोडदवाला
मी जीएमआरटी या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या शेजारच्या गावचा, म्हणून बोलतो. 30 अँटेना, 25 किमीचा पसारा. आकाशाची मूळ चौकटसुद्धा रेडिओतल्या क्वेसारवरून (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांवरून) ठरते. ऑप्टिकलवाले अजून शे-दोनशे मीटरवर अडकलेत, त्यांचं एवढं कौतुक कशाला?

सातारी_मास्तरीण
अभ्यास करून बोला हो. अमेरिकेतला चारा हा ऑप्टिकल इंटरफेरोमीटर 331 मीटरचा आहे. रेडिओत सिग्नल वाढवून, केबलने आणून, नंतर निवांत जोडता येतो. इथं प्रकाशच आरशांवरून बोगद्यात आणून त्याच क्षणी जुळवायचा, त्यात हवा काही मिलिसेकंदांत सगळं विस्कटते. 100 मीटरच्या बेसलाइनवर (दोन दुर्बिणींमधल्या अंतरावर) 10 मायक्रोआर्कसेकंद (अंशाच्या 3600व्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक) इतकी अचूकता हवी तर मार्गातला फरक 5 नॅनोमीटरपर्यंत कळायला लागतो. बीएस्सीला आम्ही मायकेलसनचा इंटरफेरोमीटर लावायचो तर खालून एसटी गेली तरी फ्रिंजेस (प्रकाश जुळल्यावर दिसणारे पट्टे) थरथरायच्या. आणि तेही उपकरण वर्षभर कपाटात कुलूपबंद, परीक्षा आली की मागच्या बॅचची रीडिंग्ज जर्नलात उतरवायला लावायचे. अजून संताप होतो, कारण त्या थरथरण्यातच सगळं शिकण्यासारखं होतं.

खोडदवाला
आमच्याकडे तर उपकरणच नव्हतं, फळ्यावर आकृती काढून मार्क दिले. पण अवघड आहे म्हणून श्रेष्ठ, हे मला पटत नाही. आणि अभ्यास वगैरे शिकवू नका.

सातारी_मास्तरीण
श्रेष्ठ कोण म्हणालं? रेडिओत सामान्य ताऱ्यांपैकी फारच थोडे दिसतात, हे तरी मानाल?

खोडदवाला
मानतो. तेवढंच.

हिशोबी
धागा जर्नलवर गेला, असो. आकाशगंगेच्या केंद्रापुरती इंटरफेरोमेट्री लागते, दुसरा इलाज नाही म्हणून मान्य. बाकी आकाशाला गाया पुरे.

ध्रुवमत्स्य
पुरे कसं? गायाची निरीक्षणं जानेवारी 2025 मध्ये थांबली, दिशा सांभाळणारा वायू संपत आला होता. तारे मात्र सरकतच राहणार, म्हणजे आजच्या जागांमधली चूक वर्षागणिक वाढणार. आणि डोळ्यांना ठळक दिसणारे तारे गायासाठी फारच तेजस्वी, त्यांच्यासाठीच तर अमेरिकेच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीने फ्लॅगस्टाफला इंटरफेरोमीटर उभा केला. तो खर्च वाया गेला असं म्हणणार असाल तर व्याध आणि अभिजितची जागा कुठून घेणार ते आधी सांगा.