गूढकथा अंकातच वाचावी, संग्रहात तिचं बळ जातं

बर्डीवाला (सीताबर्डी, नागपूर)

गूढकथा, भयकथा आणि बऱ्याच अंशी विज्ञानकथाही मासिकात किंवा दिवाळी अंकातच वाचायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तिचा संग्रह निघाला की ती टिकते हे खरं, पण वाचकावर चालणारी तिची जादू तिथे निम्म्यावर येते.

दिवाळी अंक चाळताना एक कथा लागते. निवृत्त कारकून वऱ्हांड्यात बसलाय, बायकोला औषधाची आठवण करून देतोय, आत सून भांडी आपटतेय. आपण धरून चालतो की ही घरगुती कथा आहे, म्हातारपणाची. तिसऱ्या पानावर सून नवऱ्याला म्हणते, “बाबा हल्ली रिकाम्या खुर्चीशी फार बोलतात,” आणि पुढच्याच परिच्छेदात ती खुर्ची सरकते. हा झटका बसतो, कारण कथा कुठल्या जातीची आहे हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आधीच्या पानावर शेतीवरचा लेख होता, पुढच्या पानावर कविता. वाचक बेसावध होता.

हीच कथा संग्रहात वाचा. मुखपृष्ठावर अर्धवट उघडं दार, मलपृष्ठावर ‘थरारक’ हा शब्द. वाचक पहिल्या ओळीपासून पहाऱ्यावर बसलेला. रिकाम्या खुर्चीचा उल्लेख आला की तो लगेच ओळखतो. चौथ्या-पाचव्या कथेपर्यंत त्याला लेखकाची वळणं पाठ होतात आणि मग तो कथा वाचत नाही, शेवट हुडकत बसतो.

हा साहित्यप्रकार जन्मला तोच मासिकांत. अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोची पहिली हेरकथा १८४१ साली एका मासिकात आली, आणि एका बैठकीत वाचून होईल, एकच परिणाम साधेल अशी कथा हवी हा आग्रहही त्याचाच. शेरलॉक होम्सच्या लघुकथा १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकामध्ये महिन्याला एक अशा यायच्या. मधला महिना वाचकाला विसरायला मिळायचा, आणि तो फार मोलाचा होता. आपल्याकडे अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘नवल’ या मासिकांनी तेच केलं.

नारळीकरांचंच बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे टोपणनाव. परीक्षकांसमोर फक्त कथा होती, खगोलशास्त्रज्ञाचं वलय नव्हतं, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. अनोळखी कथा अनोळखीपणे समोर येणं, मी म्हणतो ते हेच.

कागदवेडा (महाल)

भाऊ, तुमचं बेसावध वाचकाचं म्हणणं मला आवडलं. निष्कर्ष मात्र अजिबात मान्य नाही. अंक जगतो किती दिवस? संक्रांतीपर्यंत तो टीपॉयवर, होळीपर्यंत माळ्यावर, पुढच्या दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीत. त्यात आपलं नागपूर. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहून जातं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आणि त्याच कागदातलं आम्ल धागे तोडत राहतं. उष्णता वाढली की हे सगळं आणखी वेगाने होतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेले जुने अंक मी उघडून पाहिलेत. पान उलटताना कोपरा हातात येतो.

आणि उदाहरण द्यायचंच तर भयकथाकार लव्हक्राफ्टचं घ्या. अमेरिकेत १९२३ साली सुरू झालेल्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात तो छापून येत होता, लगद्याच्या हलक्या कागदावर. १९३७ मध्ये वारला तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. डर्लेथ आणि वँड्राय या दोन मित्रांनी १९३९ मध्ये त्याच्या कथांचा जाडजूड संग्रह काढायला स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली. ती उभी केली नसती तर आज आपण दोघं त्याच्याबद्दल बोलत नसतो. तुम्ही मासिकातल्या जादूचं कौतुक करता, पण त्या जादूची बातमी तुमच्यापर्यंत संग्रहानेच आणली.

नारळीकरांनाही मराठी घराघरांत ओळखतात ते ‘यक्षांची देणगी’मुळे. स्पर्धेत निवडली गेलेली कथा आज किती जणांनी मूळ अंकात वाचली असेल?

शुक्रवारीची ताई (शुक्रवारी तलाव परिसर)

तुम्ही दोघंही गूढकथा आणि विज्ञानकथा एकाच पोत्यात भरताय, माझी हरकत तिथे आहे.

शेवटच्या झटक्यावर उभी असलेली गूढकथा दुसऱ्यांदा वाचताना पडते. तिच्याबद्दल बर्डीवाला भाऊंचं म्हणणं मी मान्य करते. पण चांगल्या विज्ञानकथेला झटक्याची गरजच नसते. अमेरिकन विज्ञानकथाकार आसिमॉव्हची १९४१ सालची एक प्रसिद्ध कथा आहे. सहा सूर्यांचा ग्रह, तिथे रात्र कशी ती कोणालाच माहीत नाही, आणि २०४९ वर्षांनी एकदा अंधार पडतो. अंधार पडणार हे सुरुवातीलाच समजतं. लोक वेडे होतील हेही शास्त्रज्ञ आधीच सांगून मोकळे होतात. तरी शेवटच्या पानावर तारे दिसतात तेव्हा छातीत धस्स होतं, कारण आपण एव्हाना त्या माणसांच्या डोळ्यांनी बघायला लागलेलो असतो. ती कथा मी पुन्हा पुन्हा वाचलीय आणि दर वेळी ती जास्त चढली.

म्हणून विज्ञानकथेला संग्रहाने काही तोटा होत नाही. उलट एका लेखकाच्या दहा कथा शेजारी ठेवल्या की तो कुठल्या प्रश्नाशी झुंजतोय ते दिसतं. सुट्या अंकात ते कधीच दिसत नाही.

आणि खरं सांगू का? झटका गेल्यावर जिच्यात काहीच उरत नाही, ती गूढकथा मुळात कच्ची. मतकरींच्या चांगल्या कथांमध्ये भुतापेक्षा माणसाची भीती मोठी असते. त्या शेवट माहीत असूनही वाचवतात.

सिंदेवाहीचा (सध्या हिंगणा रोड)

राजेहो, मी बर्डीवाल्या भाऊच्या बाजूनं हाये, पण कारण येगळं. पुस्तक यायले वेळ लागते, अंक लवकर येते. गूढ गोष्टीले हा वेळ लय महत्त्वाचा.

२ एप्रिल २०२२, ऐन पाडव्याची संध्याकाळ. आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीले आभाळातून जळत जळत धातूचं एक कडं पडलं, माणसापेक्षा मोठं. अर्ध्या महाराष्ट्रानं त्या रात्री आभाळात आगीच्या रेघा पाह्यल्या. कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान. मंग अभ्यासकांनी सांगितलं का चिनी रॉकेटचा तुकडा असावा. उत्तर येईपर्यंतच्या त्या मधल्या काळात लोकांच्या डोक्यात काय काय चाललं, ते कोणत्या कथेत आलं सांगा बरं! त्या वर्षाच्या दिवाळी अंकात ते यायले पायजे होतं.

लोणारचंही तसंच. जून २०२० मंधी तळं गुलाबी झालं. नमुने इथं नागपूरले नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, मिठात जगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, हे समजलं. पण समजायच्या आधी गावातला माणूस काठावर उभा राहून काय इचार करत असन? विज्ञानकथेतला शास्त्रज्ञ कायम मुंबई-पुण्याच्या नाही तं परदेशातल्या प्रयोगशाळेत. अन् आमच्या इदर्भात आभाळातून कडं पडते, तळं रंग बदलते, त्यावर कोणी लिहत नाही.

ग्रंथालयवाली (धंतोली)

मी वाचनालयात काम करते, म्हणून व्यवहाराचं बोलते. आमच्याकडे दिवाळी अंक योजना असते. वर्गणी भरा, काही महिने अंक फिरवून वाचा. योजना संपली की अंक गठ्ठ्यात जातात. त्यानंतर दहावीतली एखादी मुलगी येते, कुठेतरी एक विचित्र कथा वाचून भारावलेली, आणि विचारते, “मॅडम, असंच आणखी काही आहे का?” तिला मी गठ्ठा सोडून देऊ? मी धारपांचं पुस्तक देते, लक्ष्मण लोंढ्यांचं देते, निरंजन घाट्यांचं देते. पाठीवर ‘विज्ञानकथा’, ‘गूढकथा’ असं छापलंय म्हणून ते मला दोन मिनिटांत सापडतं. हा शिक्का बर्डीवाला भाऊंना खटकतो, पण त्या मुलीला पुढचं पुस्तक त्याच्यामुळेच मिळतं.

बर्डीवाला

ताई, दहावीतल्या मुलीचा मुद्दा वजनदार आहे. तरी मी माझ्या जागेवर आहे, कारण त्या मुलीला भारावून टाकणारी ती पहिली कथा तिला ‘कुठेतरी’ सापडली, गूढकथेच्या कपाटात नव्हे.

मग प्रकाशकांनी मिश्र संग्रह काढावेत. एकाच पुस्तकात ग्रामीण कथा, विज्ञानकथा, प्रेमकथा, भयकथा, आणि अनुक्रमणिकेत कोणतीच ओळख नाही. कथा पहिल्यांदा कुठल्या अंकात, कोणत्या वर्षी आली हे तिच्या शेवटी छापावं, म्हणजे सिंदेवाहीच्या भाऊंना हवा असलेला काळही कळेल. शुक्रवारीच्या ताईंनी सांगितलेली दुसऱ्या वाचनाची कसोटी मला मान्य आहे, पण दुसरं वाचन पहिल्यानंतरच येतं, आणि ते पहिलं वाचन वाचकाला एकदाच मिळतं. ते लेखकाच्या हाती सुरक्षित राहावं, एवढाच माझा हट्ट.

कागदवेडा

मिश्र संग्रह निघाला तर मी पहिला गिऱ्हाईक. पण त्यात घालायला कथा हातात तर हव्यात! ‘नवल’चे, ‘हंस’चे साठ-सत्तरच्या दशकातले अंक ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते या उन्हाळ्याआधी माळ्यावरून खाली काढा, कोरड्या कपड्याने पुसा, निदान अनुक्रमणिकेच्या पानांचे फोटो घेऊन ठेवा. महालात कोणाकडे असतील तर स्कॅन करायला मी घरी येतो, अंक बाहेर न्यायचीही गरज नाही.