बाळंतिणीशी मैत्री करताना मनातला हेतू सांगायला नको का?

कृष्णाकाठची
काल इथे एकाने लिहिलं की, चर्चमधल्या बायका बाळंतिणींना डबे देतात, मुलं सांभाळतात ती निखळ मैत्री असते आणि त्यात हेतू शोधणारे कोत्या मनाचे. रात्रभर ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही नवीन होतो. माहेर लांब, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेजारच्या काकू रोज अकराला यायच्या, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, मला अळिवाची खीर द्यायच्या. पुढे लेक त्यांच्याच अंगणात वाढली. चार वर्षांची असताना एकदा ताटावर बसून डोळे मिटून म्हणाली, "येशूबाप्पा, या भाजीबद्दल तुझे आभार." भाजी दोडक्याची होती आणि ती दोडक्याला शिवतही नाही.

येशूच्या नावाचा राग नाही आला. मला कुणी विचारलं नव्हतं, त्याचा आला. काकू म्हणाल्या, "अगं, आमच्या चर्चच्या मंडळीत तुम्हा दोघींसाठी पहिल्या दिवसापासून प्रार्थना चालू आहे." मग ती खीर माझ्यासाठी होती की मंडळीसाठी?

वाईकर
पूर्ण सहमत. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेवरून हेच झालं. ती चालवणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखेही बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. सव्वाशे वर्षांत पद्धत बदललेली नाही. आधी आई, मग मूल.

मिरजकर
वाईकर, मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. डॉ. वॉनलेस यांच्या त्या दवाखान्यात तुमच्या किती नातेवाइकांची बाळंतपणं झाली, ते घरी विचारा. माझी आजी तिथे नर्स होती. तिने हजारो पोरं हातात घेतली, त्यातली किती ख्रिस्ती झाली? प्रार्थना आम्ही सगळ्यांसाठीच करतो, ती सोडायची का?

वाईकर
दवाखान्याचे उपकार किती पिढ्या काढणार? संविधानाच्या २५व्या कलमात प्रचाराचा हक्क आहे, धर्मांतर करवण्याचा नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच सांगितलंय. चार वर्षांच्या पोरीला काय कळतं?

नुसतीआई
मी मध्ये बोलते. नवरा गेला तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. त्या संक्रांतीला आमच्या मजल्यावर पाच घरी हळदीकुंकू झालं. जिन्यात बायकांचा आवाज यायचा, मी आतून कडी लावून बसायचे. माझं दार एकीनेच वाजवलं, ती चर्चची होती. तिचा हेतू काय होता, हे शोधायची मला गरजच वाटली नाही.

वाईकर
ताई, वाईट वाटलं. पण विषय हा नाही.

नुसतीआई
हाच विषय आहे! तुम्ही सोडलेल्या दारातूनच ती आत आली.

औदुंबर
नुसतीआई बरोबर बोलतायत. इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. सरकारनेही लगेच सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक पाठवलं. आमच्या गावात ते वाचूनही दाखवलं नाही. माझी बहीण अजून स्वतःच्या भाच्याच्या बारशाला मागच्या रांगेत बसते.

वाईकर
म्हणजे दोष फक्त आमच्याच समाजाचा? तुमच्यासारख्यांमुळेच त्यांचं फावतं.

मिरजकर
'त्यांचं' म्हणजे कुणाचं? पाच पिढ्या मिरजेत राहतोय आम्ही. तरीही कृष्णाकाठची ताईंची एक गोष्ट मान्य करतो, मनापासून नसली तरी. आईला विचारल्याशिवाय लेकराला प्रार्थना शिकवायची नव्हती. माझ्या मुलाला शेजाऱ्यांनी न विचारता आरतीला उभं केलं, तेव्हा मलाही लागलं होतं.

कृष्णाकाठची
मागच्या संक्रांतीला माझ्या घरचं बोलावणं समोरच्या वहिनींना गेलं नव्हतं. नुसतीआईंचं वाचून तेच आठवतंय. चुकलं माझं.

तरी काकूंवरचा राग गेलेला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं असतं, तरी मी दार उघडलं असतं, खीरही घेतली असती. लेकीने कुणापुढे हात जोडायचे, तेवढं मला ठरवू द्यायचं होतं. ती अजून त्यांच्याकडे जाते. आता मीही सोबत जाऊन बसते.