मुलांना बघायला शिकवणं: तुमचे अनुभव लिहा

दगडफूल
काल लेकीने शाळेसाठी निसर्गचित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड आणि वर चार कावळे. आम्ही राहतो लातुरात. खिडकीतून दिसते समोरच्यांची पाण्याची टाकी आणि एक कडुनिंब. मी १९८८ साली परभणीत अगदी हेच चित्र काढत होतो. कावळेसुद्धा चारच.

त्यावरून आमचे चित्रकलेचे सर आठवले. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्मरणचित्र म्हणून बैल काढायला लावला. आम्ही पेठेतली हुशार मुलं, फटाफट काढून मोकळे. सरांनी एकच विचारलं, "बैलाचा कान शिंगाच्या वर की खाली?" अर्ध्या वर्गाने कान डोक्यावर उभे केलेले, सशासारखे. माझ्या बैलाला तर शिंगं कानातूनच उगवली होती. मागच्या बाकावर वस्तीवरचा एक मुलगा बसायचा, गणितात कायम नापास. त्याचे कान शिंगांखाली, आडवे, एक जरा लोंबता. का, तर त्यांच्या बैलाचा एक कान लोंबतो. सर काही बोलले नाहीत, त्याची वही वर्गभर फिरवली. दुसऱ्या दिवशी दारात बैल आले तेव्हा मी इतका टक लावून बसलो की आजी म्हणाली, "पाया पड की मेल्या, विकत घ्यायचाय का?"

तर पोरांना असं बघायला, आपल्या डोक्याने विचार करायला तुम्ही कसं शिकवलंत? किंवा तुम्हाला कोणी शिकवलं? लिहा. क्लासच्या जाहिराती नकोत.

ताकपिठं
लातुरात नदी!! २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आपल्याकडे. पोरीला म्हणावं डोंगराच्या मधून रेल्वे काढ :ड

खाडीकाठ
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. मुलगा तिसरीत होता, जुलै महिना. त्याने समुद्र चहाच्या रंगाचा रंगवला. बाईंनी लाल पेनाने ‘समुद्र निळा असतो’ लिहून गुण कापले. आणि शाळेच्या व्हरांड्यातून समुद्र दिसतो हो! गढूळ, अगदी चहासारखाच. मी भांडायला निघाले होते. सासरे म्हणाले, बाईंचं राहू दे, तू त्याला विचार. विचारलं तर म्हणाला, "शाळेत निळा काढायचा, घरी खरा." अजून हसू की रडू कळत नाही. शिट्टी झाली, आले.

उंबरठा
बाप रे, खाडीकाठ!
आमच्याकडचा खेळ: न बघता सायकल काढायची. करून बघा, भल्याभल्यांची विकेट पडते. नवऱ्याने चेन पुढच्या चाकाला जोडली. मेकॅनिकल इंजिनियर आहे. मुलीने विचारलं, "बाबा, मग हँडल वळवल्यावर काय होणार?" त्यानंतर तासभर दोघं पार्किंगमध्ये उकिडवे बसून सायकल बघत होते, माझी पोहे गरम करायची तिसरी वेळ.

ताकपिठं
पोह्यात शेंगदाणे होते का?

उंबरठा
अर्थात. आम्ही माणसं आहोत.

ओसाकाकर
धागा वाचून राहवलं नाही. इथे जपानात पहिलीची मुलं आसागाओ, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, कुंडीत वाढवतात. आपल्या गणेशवेलीची चुलत बहीण. उन्हाळी सुट्टीत कुंडी घरी आणायची आणि निरीक्षणवही लिहायची. मला वाटलं, रोज काय लिहिणार? पान आलं, पान आलं. एकदा वेल काठीवरून सुटली, मी आपली गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी लेक ओरडत आली, आईने उलटी गुंडाळली! वेलीने शेंडा सोडवून घेतला होता आणि आपल्या बाजूने फिरायला लागली होती. ती कायम एकाच दिशेने विळखा घालते. मी बॉटनी घेऊन बीएस्सी केलंय, पाठही केलं असेल. पोरीने वहीत लिहिलं, ‘आईला माहीत नव्हतं, वेलीला माहीत होतं.’
अवांतर: इथली मुलं सूर्य लाल रंगवतात. माझी पुण्याला आली की पिवळा आणि ओसाकात लाल. तीही ‘घरी खरा’ पंथातलीच.

चिंचोके
मी निवृत्त बालवाडीताई, डहाणूकडची. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला जे केलं ते बघत आम्ही शिकलो. मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. साधनं म्हणजे पाला, खडे, बिया. एकदा मी बियांचा ढीग ओतला, म्हटलं गट करा. माझ्या मनात रंग किंवा आकार. एका पोरीने तीन ढीग केले. मी म्हटलं, चुकलं गं. ती म्हणाली, "ह्या खायच्या, ह्या खेळायच्या, ह्या विकायच्या." मोहाच्या बिया विकायच्यात, चिंचोके खेळायच्यात. एक बी बाजूला ठेवलेली. ती कुठली विचारलं तर म्हणे, "ही अजून माहीत नाही." ती बी मलाही माहीत नव्हती. मी त्या दिवसापासून ‘चुकलं’ म्हणायच्या आधी ‘कसं केलंस’ विचारायला लागले. पण सवय जायला वर्षं गेली, खोटं कशाला बोलू.

दगडफूल
चिंचोके ताई, दंडवत. बी कसली निघाली शेवटी?

चिंचोके
पेरली होती. बकरीने रोप खाल्लं.

ताकपिठं
😂😂 बकरीला माहीत होती

त्रिकोणराव
आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घ्या. अरविंद गुप्तांची कल्पना, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या सहलीला बघितलेली. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून चौकोन केला की लचकतो, त्रिकोण हलत नाही. एवढंच. पुतण्या त्यानंतर महिनाभर मोबाइल टॉवर, पत्र्याची शेड, जत्रेतला पाळणा, जिथे तिथे त्रिकोण शोधत होता. काड्यांचं गूल आधी काढा, हे अनुभवाने सांगतो. काकूचा टेबलक्लॉथ.

नवी वही
आमचा प्रवासातला खेळ: खिशातली २० ची नोट न काढता तिच्यावर मागे काय आहे सांगा.

उंबरठा
गांधीजी.

नवी वही
ते पुढे. मागे. वेरूळ आहे! आम्ही औरंगाबादचे, घरातल्या कोणालाच आलं नाही. आता भाषांच्या पट्टीत मराठी कितवी ते सांगा.

मांडवी
गोव्यातून हजेरी. कोकणी सहावी, आमच्या पोरांना पाठ आहे :)

नवी वही
मराठी आठवी, १५ मध्ये बरोब्बर मधोमध. हे माझ्या आठ वर्षांच्या भाचीने सांगितलं, मी नाही.

खाडीकाठ
आले परत. कुकर ठीक आहे. लेकाला आत्ता विचारलं, २० च्या नोटेवर काय असतं? तो म्हणतो, "आई, नोट कोण वापरतं? क्यूआर असतो." वाण्याकडे पिटाळलंय नोट देऊन, कोथिंबीर आणायला. येईपर्यंत भात निवणार.