चाकोमध्ये एक मुक्काम हवाच

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील चाको कॅन्यन हे प्राचीन अवशेषांचे ऐतिहासिक उद्यान एका दिवसात पाहून परतावे, असे काही जण सुचवतात. मला मात्र तेथे एक मुक्काम आवश्यक वाटतो. साधारण इ. स. ८५० ते ११५० या काळात पुएब्लो या तेथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी टप्प्याटप्प्याने बांधलेला, शेकडो खोल्यांचा पुएब्लो बोनितो हा दगडी वाडा घाईत पाहण्याजोगा नाही. शिवाय २०१३ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचे उद्यान) म्हणून अधिकृत मान्यता मिळालेल्या या उद्यानाचे काळेभोर आकाश दिवसा कसे दिसणार? उद्यानातील गॅलो या तंबूंच्या तळावर तर कड्याच्या कुशीतले जुने घर तंबूशेजारीच आहे. उद्यानात अन्न वा पेट्रोल मिळत नाही, शेवटचा कच्चा रस्ता पावसात चिखलाचा होतो, म्हणून हवामान पाहूनच निघावे.