पैठणीची जर काळी पडतेय, चिंचेने घासू का?

प्रश्न (अमळनेर): हातमागाची पैठणी आहे. घडीवरची जर काळवंडलीय. घरी साफ होईल?

उत्तर (जळगाव): चिंच-लिंबू अजिबात नको! जरीवरचा सोनेरी मुलामा उडेल, रेशमावर डाग पडतील. आधी जरीच्या सुटलेल्या टोकाची, धाग्यावर गुंडाळलेली तार खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर चांदी, लालसर असली तर तांबं. फक्त तार बघा, आतल्या धाग्याच्या रंगावर जाऊ नका. काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो, दमटपणात वाढतो. जाणकार ड्रायक्लीनरला दाखवा.

उत्तर (धुळे): अत्तर थेट जरीवर फवारू नका. डांबरगोळ्याही लागू देऊ नका. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, दर ३ महिन्यांनी घडी बदला, नाहीतर तिथेच चिरते. पावसाळा सरला की सावलीत वारं द्या. खान्देशी ऊन नकोच.

प्रश्नकर्ती: तार लालसर निघाली.

उत्तर (जळगाव): मग तांब्याचीच जर, पूर्वीची झळाळी विसरा.